बाळाच्या हृदयातला घाटरस्ता

"आता गोड कमी करा बरं का. बाळाला गाल आलेत, अगदी माझ्यासारखे."

हे वाक्य मी सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत बोललो आणि कोणी हसलं नाही. रुबीना टेबलावर आडवी होती, सातवा महिना सरत आलेला. शेजारच्या स्टुलावर बसलेल्या तिच्या अम्मीने गंभीरपणे मान हलवली. खोलीत अंधार असल्यामुळे माझे गाल तिला दिसले नसावेत, अशी स्वतःची समजूत घालून मी पुढच्या मापाकडे वळलो. बाळ उत्तम होतं. वजन असायला हवं तेवढंच, हृदयाचे चारही कप्पे नीट. आईला साखर असली की बाळ जास्त गुटगुटीत होतं, पण इथे साखरेचा विषयच नव्हता. रुबीनाच्या डॉक्टर मॅडमनी ती तपासणी आधीच करून घेतली होती आणि काही निघालं नव्हतं. मी आपला विनोद केला होता.

अंधारात विनोद करणं ही माझी धंद्यातली जुनी खोड आहे. लोणावळ्यात माझं सोनोग्राफीचं केंद्र आहे. मी औषध देत नाही, बाळंतपण करत नाही, टाकेसुद्धा घालत नाही. मी नुसता बघतो आणि जे दिसलं ते लिहून दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवतो. पेशंटला माझा चेहरा धड दिसत नाही, त्यामुळे बाजारात मला कोणी ओळखत नाही. आवाजावरून मात्र ओळखतात. एकदा भाजीवालीला मी "भेंडी कशी दिली?" एवढंच विचारलं, तर शेजारची बाई गर्रकन वळली आणि म्हणाली, "अगं बाई, हे तर श्वास धरा-सोडा डॉक्टर." माझी हयातभराची कीर्ती ती एवढीच.

आडवं पडलेलं माणूस घाबरलेलं असतं. पोटावर गार जेल, डोक्याशी गुणगुणणारं यंत्र आणि पडद्यावर पावसाळी धुक्यासारखं काहीतरी. अशा वेळी डॉक्टर गप्प राहिला की पेशंटच्या मनात वाईट विचार येतात, म्हणून मी बोलत राहतो. काही वेळा लोकच माझ्यावर मात करतात. खंडाळ्याला रेल्वेत असलेले एक गृहस्थ सुनेला घेऊन आले होते. कापडी आडोशापलीकडे बसून त्यांनी बाळाच्या ठोक्यांचा आवाज ऐकला, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "गाडी राइट टाइम आहे." एवढा छान शेरा मला कधी सुचलेला नाही. दुसरे एक, बंगल्यावर सुट्टीला आलेले. त्यांना बाळाचं नाक त्यांच्या वडिलांवर गेलंय का, एवढंच बघायचं होतं. नाक बाळाच्या हाताआड होतं. "बाबाही असेच फोटोला हात आडवा घ्यायचे," म्हणत ते डोळे पुसत बाहेर पडले.

आता थोडं धंद्याचं सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यावाचून कळणार नाही.

पोटातलं बाळ श्वास घेत नाही. त्याला लागणारी हवा आईच्या रक्तातून, नाळेवाटे येते. फुप्फुसं मिटलेली असतात, त्यांना जास्त रक्त पाठवून उपयोग नसतो. म्हणून निसर्गाने एक बगलरस्ता काढून ठेवला आहे. हृदयाच्या उजव्या बाजूने फुप्फुसाकडे निघालेलं बरंचसं रक्त वाटेतच एका छोट्या नळीत वळतं आणि सरळ शरीराच्या मोठ्या रक्तवाहिनीला मिळतं. या नळीला आम्ही 'डक्टस' म्हणतो. बाळ जन्मलं, पहिलं रडलं, की तिची गरज संपते आणि ती आपोआप मिटते. पण जन्माआधी ती उघडी राहायलाच हवी.

आमच्या भागातल्या माणसाला हे समजवायला फार वेळ लागत नाही. शनिवारी सकाळी घाटात एक लेन बंद झाली की खाली कुठपर्यंत गाड्या तुंबतात, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. डक्टस आकसली की तसंच होतं. हृदयाची उजवी बाजू जोर लावत राहते, फुगते, दमते. झडप गळायला लागते. फार दिवस असं राहिलं तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

नळी उघडी ठेवायचं काम शरीरातलीच काही द्रव्यं करतात. गंमत अशी की दुखणं-सूज या गोष्टींतही तीच द्रव्यं असतात. त्यामुळे काही वेदनाशामक गोळ्या जेव्हा दुखणं दाबतात, तेव्हा पोटातल्या बाळाच्या नळीलाही आवळू शकतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण शिकवलं मला शिरगावच्या एका फूलवालीने. मंदिराबाहेर दिवसभर मांडी घालून हार ओवायची, आठव्या महिन्यात कंबर धरली, आणि दुकानातून गोळ्या आणून घ्यायची. तिच्या बाळाची डक्टस आकसलेली सापडली. गोळ्या थांबवल्या, नळी मोकळी झाली. तेव्हापासून आठव्या महिन्यातलं कुठलंही बाळ आलं की मी तो बगलरस्ता बघितल्याशिवाय सोडत नाही. आणि "गोळ्या कुठल्या घेता?" हे विचारल्याशिवायही नाही. आपण फार हुशार झालो, असं मला वाटत होतं.

मग रुबीना आठव्या महिन्यात परत आली. पहिलं बाळंतपण, म्हणून ती माहेरी बेडशाला राहायला गेली होती. सोबत अम्मी होतीच. नवरा सलीम बाहेर बाकावर बसला होता. तो खंडाळ्याला टॅक्सी चालवतो. मी बाळाचं डोकं मोजलं, पोट मोजलं, मांडीचं हाड मोजलं. हृदयाशी आलो तेव्हा उजवी बाजू जरा मोठी वाटली. बगलरस्त्यावर गेलो. रक्त तिथून नुसतं जात नव्हतं, एखाद्या अरुंद बोळातून सुटल्यासारखं धावत होतं.

मी परत मापलं. बाळ जरा वळेपर्यंत थांबलो आणि पुन्हा मापलं.

"सायेब," रुबीना म्हणाली, "तुमी गप का झालात?"

विनोद करणाऱ्या माणसाची ही पंचाईत असते. त्याचं गप्प बसणं मोठ्याने ऐकू येतं.

सलीमला आत बोलावलं आणि तिघांना घाटाचं उदाहरण देऊन सांगितलं. सलीमने लगेच ओळखलं. "म्हणजे दरड आलीये," तो म्हणाला. "रस्ता पूर्ण बंद आहे का अर्धा?"

"अर्धा. अजून गाड्या जातायत."

"मग आत्ताच दरड उचलायला पाहिजे. पूर्ण बंद झाल्यावर काय उपयोग?"

इतकं नेमकं मी रिपोर्टात लिहू शकलो नसतो. पण दरड कुठून आली हेच माहीत नव्हतं. गोळ्या? नाही. कंबरदुखीचं मलम? नाही. तापाचं काही? काही नाही. रुबीना वैतागून म्हणाली, "सायेब, मी डोकं दुकलं तरी दुपट्टा बांदते, गोळी न्हाई घेत."

पुण्यातल्या एका बालहृदयतज्ज्ञ मैत्रिणीकडे त्यांना पाठवलं. संध्याकाळी तिचा फोन आला. मी पाहिलेलं बरोबर होतं. "थोडे दिवस वाट बघता येईल," ती म्हणाली. "पण उजव्या बाजूवर ताण वाढला तर बाळ बाहेर काढावं लागेल. आणि त्या बाळाला अजून आत राहायची गरज आहे, फुप्फुसं कच्ची आहेत. गोळ्या नाहीत ना नक्की? मग काय खाते-पिते ते विचार."

"खाण्याने असं होतं?"

"शेवटच्या तीन महिन्यांत होऊ शकतं, असं दिसलंय. ग्रीन टी, कोरा चहा, काळी द्राक्षं, कडू चॉकलेट, वनस्पतींचे काढे. यांच्यात पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं भरपूर असतात. एरवी त्यांचं आपण कौतुक करतो. पण सूज उतरवण्याचा त्यांचा गुण त्या गोळ्यांसारखाच नळीपर्यंत पोचू शकतो. सगळ्यांनाच होतं असं नाही. थोडं खाल्लं तर बहुधा काहीच नाही. पण ढीगभर असेल तर थांबवून बघायचं."

फोन ठेवला आणि मला खरं सांगायचं तर मोठं नवल वाटलं. इतकी वर्षं मी पोटात बघत होतो, पण पोटात काय जातं हे कधी विचारलं नव्हतं. बाळाच्या हृदयाचा रस्ता आईच्या ताटातून जातो, ही कल्पनाच मला चकित करत होती. मग मीच बेडशाला फोन लावला. अम्मीने उचलला.

"काय खाते रुबीना?"

"सादंच, सायेब. भाकरी, भाजी, डाळ. कधी मच्ची."

"चहा?"

"चा तर तिनं सोडला."

"चॉकलेट, फज, असलं काही?" लोणावळ्याच्या माणसाला हा प्रश्न विचारावाच लागतो.

"अल्ला, गोड तर ती शिवत बी न्हाई. लय कडक हाय पोरगी."

"काढा वगैरे? जडीबुटी?"

"कसलं औषद न्हाई बगा."

शाब्बास म्हणून मी फोन ठेवला. म्हणजे पुन्हा काहीच नाही.

त्या रविवारी मी बायकोला म्हणालो, "वंदना, चल, बेडशाची लेणी बघून येऊ." वंदना शाळेत शिकवते, मुलांच्या सबबी ओळखणं हा तिचा रोजचा व्यवसाय. "लेणी," ती म्हणाली, "मे महिन्यात, भर उन्हात, आणि तुम्ही पायऱ्या चढणार." मग पाण्याची बाटली घेऊन गाडीत बसली.

पायऱ्यांच्या पायथ्याशी रुबीनाच्या वडिलांची, उस्मानभाईंची टपरी आहे. लेणी बघायला येणाऱ्यांसाठी कोकम सरबत, ताक, पाण्याच्या बाटल्या, आणि त्या दिवसांत करवंदं-जांभळांचे द्रोण. रुबीना आत सावलीला खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांना सुटे पैसे देत होती. मला बघून उठायला लागली, तशी वंदनाने तिला हातानेच बसवलं.

"बसा की सायेब, हितं सावलीला," उस्मानभाईंनी बाक पुसला. "बाई, तुमी बी बसा. सरबत करतो. गोड का बिनसाकरेचं?"

"त्यांना बिनसाखरेचं," वंदना माझ्याकडे बघत म्हणाली. "काठावर आलीय साखर. गालांवरून कळतंच आहे."

उस्मानभाई थबकले. त्यांचा चेहरा एकदम जिव्हाळ्याचा झाला, जसा एका साखरवाल्याचा दुसऱ्या साखरवाल्याला भेटल्यावर होतो. "तुमाला बी हाय व्हय? मला तर धा वर्सं झाली." फळीवरून त्यांनी एक पितळी डबा काढला. आत तपकिरी, बारीक वस्त्रगाळ पूड. "जांभळाच्या बियांची. घरची हाय. सकाळी एक चमचा, सांजच्याला एक, कोमट पान्यात. घिऊन जावा. मी घेतो, आमची रुबीना बी घेते."

मी हातातला पेला खाली ठेवला. "रुबीना घेते? केव्हापासून?"

"तुमीच सांगितल्यापासनं की."

"मी?"

"अम्मी आली न्हाई का तुमच्याकडनं सांगत, डॉक्टर म्हनले गोड बंद, बाळाला गाल आल्यात डॉक्टरसारके. म्हनजी साकर. मंग आमी सगळंच बंद केलं. दुदाचा चा बंद, कोरा चालू. पाच-सा बार घेते, उनाची मरगळ येती म्हनून. भूक लागली की बिस्कुट न्हाई, करवंदं-जांभळं. तान लागली की बिनसाकरेचं कोकम. आन ही पूड, दोन टाइम. तिच्या नंदेनं पुन्यातनं तो हिरवा चा बी पाठवला, वजन वाडू ने म्हनून."

वंदना माझ्याकडे बघत होती. मी बघणारा डॉक्टर, पण कुठे बघावं ते मला कळत नव्हतं.

"अम्मीला मी फोनवर विचारलं होतं," मी म्हणालो, "चहा घेते का म्हणून."

"चा कुटं घेते? कोरा म्हंजी काय चा असतो व्हय?" रुबीना आतून म्हणाली.

"आणि काढा, औषध?"

"पूड औषद न्हाई, सायेब. घरातली हाय ती."

मला त्या क्षणी आमच्या सगळ्या प्रश्नांची गंमत कळली. आम्ही डॉक्टर विचारतो, काय खाता, औषध काय घेता. लोक अगदी खरं उत्तर देतात. पण भाकरी आणि गोळी यांच्यामध्ये एक मोठी फळी असते, त्यावर डबे असतात, आणि त्या फळीबद्दल आम्ही विचारतच नाही. टपरीतल्या फळीवर मी नजर फिरवली. कोरा चहा, हिरवा चहा, जांभूळ, करवंद, बियांची पूड. जिभेला तुरट लागणारं जवळजवळ सगळं एका ओळीत उभं होतं. तुरट म्हणजे पॉलिफेनॉल असा सरळ हिशेब नाही, पण मैत्रिणीने फोनवर सांगितलेल्या यादीचं हे आमचं मावळी भाषांतर होतं. एकेक गोष्ट निरुपद्रवी. काही तर चांगली म्हणून नावाजलेली. सगळ्या मिळून, दिवसभर, रोज, एका विनोदाच्या जोरावर.

मी त्यांना सगळं सांगितलं. तो विनोद होता, हेही सांगितलं. साखर तिला कधी नव्हतीच. पुडीमुळेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, पण आजपासून हे सगळं थांबवून बघायचं.

उस्मानभाई डबा हातात धरून उभे होते. मग म्हणाले, "म्या माज्या हातानं कालवून दिली तिला. रोज."

"मी माझ्या तोंडानं दिली, उस्मानभाई. तुम्ही फक्त कालवलीत."

पायऱ्यांवरून काही पर्यटक उतरले आणि त्यांनी सरबत मागितलं. उस्मानभाईंना ऐकू आलं नाही. रुबीनाच उठून द्यायला लागली, तेव्हा वंदनाने पदर खोचला आणि पेले विसळले. तेवढ्या वेळात माझा एक पेला विसळायचाही धीर झाला नाही.

"मंग मी पिऊ काय?" गिऱ्हाईक गेल्यावर रुबीनाने विचारलं. प्रश्न मला होता.

"पाणी. ताक. दूध," मी म्हणालो. "दुधाचा चहा एखादा कप. आणि आपल्या मॅडमना फोन करून सगळं सांगा, त्या म्हणतील तसं."

"साकर घालून?"

मी उत्तर देण्याआधी वंदना म्हणाली, "घालून. डॉक्टरसाहेब आता यावर काही बोलणार नाहीत."

लेणी राहिलीच.

पुढचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. बाकीच्या पेशंटांशी मी अगदी कोरड्या आवाजात बोलायला लागलो. खंडाळ्याच्या एका बाईने माझ्या मदतनीस मुलीला हळूच विचारलं म्हणे, "डॉक्टर बदललेत का?" रात्री मनात एकच येई: दरड उचलायला उशीर तर झाला नाही ना. मैत्रिणीने एकदा मधे तपासलं आणि "बिघडलेलं नाही, थांबू," एवढंच कळवलं. बिघडलेलं नाही म्हणजे सुधारलेलं नाही, हे रिपोर्ट लिहिणाऱ्याला बरोबर कळतं.

मग रुबीना माझ्याकडे आली. या वेळी अम्मी, सलीम आणि उस्मानभाई, सगळेच. उस्मानभाई बाहेर बाकावर, चपला काढून, मशिदीत बसल्यासारखे बसले. मी खोलीत अंधार केला. डोकं, पोट, मांडी. हृदयाशी आलो.

"सायेब, बोला की कायतरी," रुबीना म्हणाली. "कायबी बोला. हसीन मी."

मी बगलरस्त्यावर गेलो. रक्त जात होतं. धावत नव्हतं, जात होतं, कुठल्याही साध्या दिवशी कुठल्याही साध्या रस्त्याने जावं तसं. मी परत मापलं. मग आणखी एकदा, केवळ बघायला छान वाटलं म्हणून. उजवी बाजू अजून किंचित मोठी होती, पण पहिल्यापेक्षा कमी. झडप गळत नव्हती.

"मोकळा झालाय," मी म्हणालो.

अम्मीने तोंडावर पदर घेतला. दाराबाहेरून सलीमचा आवाज आला, "दोन्ही लेन?"

"दोन्ही."

मैत्रिणीने पुण्यात खात्री केली. मी तिला विचारलं, "म्हणजे जांभळानेच झालं होतं ना?" ती म्हणाली, "तू थांबवलंस आणि सुधारलं, एवढंच आपल्याला माहीत आहे. पूड, चहा, करवंदं, का सगळी मिळून, का आणखीच काही, ते नाही माहीत." मला हे उत्तर आवडलं. आमच्या धंद्यात खरं उत्तर बहुतेक वेळा एवढंच लांब असतं.

इथे वाचकांना एक विनंती. हे वाचून कोणी घरातल्या गर्भार मुलीच्या हातातलं जांभूळ काढून घेऊ नये, किंवा तिला चहासाठी तरसवू नये. चार फळं खाल्ल्याने बाळाचं हृदय थांबत नाही. फक्त शेवटच्या महिन्यांत फळीवरचं काही रोज आणि भरपूर पोटात जात असेल, तर ते आपल्या डॉक्टरला सांगावं, त्याने विचारलं नाही तरी. माझं एक वाक्य एकदा औषध म्हणून घेतलं गेलं आहे, म्हणून हे जरा सांभाळून लिहितो आहे.

बाळ दिवस भरून जन्मलं. गाल बेताचेच होते. आवाज मात्र असा, की सलीम म्हणाला घाटात हॉर्नची गरज पडणार नाही. काही दिवसांनी उस्मानभाई केंद्रावर आले आणि तो पितळी डबा माझ्या टेबलावर ठेवला. "घरात नको वाटतो," ते म्हणाले. "मला बी रुबीनाच्या मॅडमनी गोळ्या दिल्यात साकरेवरच्या. तुमी मोठी मानसं, तुमाला चालंल." त्यांनी तो रिकामा करून आणला असता तर चाललं असतं, पण पूड घरची होती, टाकवली नसेल.

डबा घेऊन मी घरी आलो. वंदना वह्या तपासत होती. मी डबा तिच्यापुढे ठेवला आणि बाळाची खुशाली सांगितली. तिने झाकण उघडलं, वास घेतला, झाकण घट्ट लावलं आणि डबा माळ्यावर टाकला. मग लाल पेन उचलत म्हणाली,

"तुमच्या विनोदांना कोणी हसत नाही, हे मी लग्न झाल्यापासून सांगतेय. लोक ते सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यातून घेतात, हे मात्र मला माहीत नव्हतं."